कार्यसंस्कृतीतील बदल आणि भाषा : बँक कर्मचाऱ्यांचे अनुभव

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• कार्यसंस्कृतीतील बदल शब्दांच्या आधारे ओळखता येतील.
• अनुभवकथनातील वाक्यरचनेचे महत्त्व सांगता येईल.
• स्वतःच्या नोकरीतील अनुभव नेमकेपणाने लिहिता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. कामाची नवी रीत परिपत्रकाने येते. ती माणसांनी कशी स्वीकारली, हे मात्र त्यांच्या बोलण्यातून कळते. हे समजून घेण्यासाठी आपण बँक या क्षेत्राचे उदाहरण घेऊ.

२. पार्श्वभूमी

१९ जुलै १९६९ रोजी देशातील १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९३५ साली पुण्यात स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र ही त्यांपैकी एक होय. १९८३ साली कर्मचारी संघटना व बँका यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला आणि पुढे शाखांमध्ये संगणक आले. २०००-०१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे एक लाख कर्मचारी सेवेतून बाहेर पडले. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ च्या ऑक्टोबरमध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली. तेथील कर्मचाऱ्यांचे टेबल तेच राहिले, पण दारावरची पाटी बदलली.

३. शब्दांतील बदल

पूर्वी नोंदी जाडजूड लेजरमध्ये हाताने होत. हिशेब जुळेपर्यंत घरी जाता येत नसे. सुवाच्य अक्षर आणि तोंडी बेरीज यांना मान होता. संगणकाने उशिरापर्यंतचे हे कष्ट कमी केले, हे मान्य करावे लागेल. पण ज्याची ओळखच त्या कौशल्यावर उभी होती, त्याला उतारवयात पुन्हा उमेदवार व्हावे लागले.

याच काळात ‘खातेदार’ या शब्दाशेजारी ‘ग्राहक’ व ‘कस्टमर’ हे शब्द रुळले. खातेदार म्हणजे ज्याचे खाते आहे तो. ग्राहक म्हणजे घेणारा. विमा व म्युच्युअल फंड यांची विक्री शाखेत होऊ लागली, तेव्हा समोरच्या माणसाशी असलेले नातेही बदलले.

४. वाक्यातील कर्ता

पुढील नमुना वाक्ये पाहा :

(अ) मी सही ताडून पाहिली आणि पैसे दिले.
(आ) या महिन्यात विम्याचे टार्गेट देण्यात आले आहे.
(इ) सिस्टीम घेत नाही.

पहिल्या वाक्यात बोलणारा स्वतः कर्ता आहे. निर्णय त्याचा आणि जबाबदारीही त्याची. दुसऱ्यात ‘देण्यात येणे’ या रचनेमुळे टार्गेट देणारा अदृश्य झाला आहे. तिसऱ्यात यंत्रच कर्ता झाले आहे.

सोलापूरच्या एखाद्या शाखेत मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारी माणसे एकाच रांगेत उभी असतात. निवृत्तिवेतनासाठी आलेल्या वृद्धाला ‘सिस्टीम घेत नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्याने दाद कोणाकडे मागावी? येथे घाईने कर्मचाऱ्याला दोष देऊ नये. सहीचा ताळा पाहणारा तो आता पडद्यावरील सूचनेने बांधलेला आहे. या वाक्यात त्याची अगतिकता आहे आणि आडोसाही आहे. दोन्ही ओळखणे हे अभ्यासकाचे काम होय.

५. सारांश

कार्यसंस्कृती बदलताना कोणते शब्द आले व कोणते गेले, हे पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाक्यातून ‘मी’ केव्हा नाहीसा झाला, हे तपासावे. अनुभव लिहिताना तो ‘मी’ परत आणल्यास काय मिळाले आणि काय गमावले, हे स्पष्टपणे मांडता येते.

स्वाध्याय

१. ‘खातेदार’ आणि ‘ग्राहक’ या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२. तुमच्या कार्यालयात रोज ऐकू येणारी, कर्ता अदृश्य असलेली तीन वाक्ये नोंदवा. प्रत्येक वाक्य कर्ता स्पष्ट करून पुन्हा लिहा.
३. तुमच्या कामात झालेल्या एका बदलाविषयी प्रथमपुरुषी १५ ओळी लिहा.