फाईलचे आडनाव ओळखा



संगणकातील फाईलच्या नावाशेवटी टिंब व तीन-चार अक्षरे असतात. त्यांना ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. आम्ही वर्गात त्यांना फाईलचे आडनाव म्हणतो. आडनाव पाहून संगणक ठरवतो की फाईल कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडायची. वर्ड २००३ पर्यंत ‘.डीओसी’ होते, वर्ड २००७ पासून ‘.डीओसीएक्स’ आले. मात्र नुसते आडनाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही.

विंडोज ही आडनावे सहसा लपवते. म्हणून ‘निकाल.पीडीएफ’ दिसणारी फाईल प्रत्यक्षात ‘निकाल.पीडीएफ.ईएक्सई’ असू शकते. ‘.ईएक्सई’ म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. त्यातून व्हायरस येऊ शकतो. अनोळखी असल्यास उघडू नये.

वर्डमध्ये बॅकअपची सोय सुरू केल्यास ‘.डब्ल्यूबीके’ फाईल तयार होते. तिच्यात आधी जतन केलेली प्रत असते. पण ती मूळ फाईलशेजारीच राहते. हार्डडिस्क बिघडली तर दोन्ही जातात! म्हणून अंकसूची, दाखल्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

आपल्या भाषेची अडचण वेगळीच. मध्य प्रदेशात हिंदीसाठी कृतिदेव, महाराष्ट्रात मराठीसाठी श्रीलिपी खूप चालले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडते, पण अक्षरे वाचता येत नाहीत. असा जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि पीडीएफही करून ठेवावी.

गृहपाठ : घरातील किंवा शाळेतील संगणकावरच्या पाच फाईलींची आडनावे वहीत लिहा. त्यांपैकी कोणाची दुसरी प्रत आहे, तेही लिहा.