पाठ-टाचण : शाम्पूची पुडी व गावचा ओढा
(इयत्ता चौथी, विषय : परिसर अभ्यास)

प्रस्तावना : अनेक गावी पाणवठ्याच्या काठी, धुण्याच्या दगडापाशी शाम्पूच्या रिकाम्या पुड्या पडलेल्या आढळतात. केस धुतले, फेस वाहून गेला, म्हणजे काम संपले, अशी समजूत असते. वस्तुतः फेस ओढ्यात उतरतो व पुडी काठावर राहते. या दोहोंचे पुढे काय होते, हे मुलांनी स्वतः पाहून सांगावे, हा या पाठाचा हेतू होय.

साहित्य : धुतलेली रिकामी पुडी, वाळलेले पान, मातीची कुंडी, रिठे.

विषयविवेचन : १) पुडी उभी फाडून आतील बाजू दाखवावी. पुष्कळ पुड्यांत प्लास्टिकचे व धातूचे पातळ थर एकमेकांस घट्ट चिकटविलेले असतात. ते सहजी वेगळे होत नाहीत; म्हणून भंगारवाला अशी पुडी सहसा घेत नाही. जाळल्यास अपायकारक धूर होतो. पान व पुडी ओल्या मातीत पुरून दोन महिन्यांनी उकरावीत. पान कुजू लागलेले दिसेल, पुडी मात्र तशीच राहील. २०१६ च्या नियमांनी भारतात गुटखा, तंबाखू व पानमसाला यांच्या प्लास्टिक पुड्यांस बंदी झाली. शाम्पूची पुडी त्या बंदीत नव्हती.

२) चेहरा घासण्याच्या काही प्रसाधनांत प्लास्टिकचे अगदी बारीक कण घालीत असत. ते सांडपाण्यातून नदीत व समुद्रात जातात आणि मासे ते गिळतात. याच कारणास्तव अमेरिकेने २०१५ साली कायदा करून, धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांत असे कण घालण्यास मनाई केली.

३) रिठा पाण्यात चोळून फेस दाखवावा. हा फेस रिठ्यातील सॅपोनिन या द्रव्यामुळे होतो व तेही माशांस घातक असते. म्हणून ‘झाडाचे ते सर्व निरुपद्रवी’ असे शिकवू नये. शाम्पू असो वा रिठा, वाहत्या पाण्यात उतरून केस धुऊ नयेत. पाणी काठावर आणून धुवावेत व सांडपाणी मातीत मुरू द्यावे.

शिक्षकांस सूचना : मोलमजुरी करणाऱ्या घरास मोठी बाटली एकदम परवडत नाही, रुपया-दोन रुपयांची पुडीच परवडते. अशा घरच्या मुलास वर्गात खाली मान घालावी लागेल असा प्रश्न विचारू नये. ‘कोणाच्या घरी पुड्या आणतात?’ असे न विचारता ‘रिकामी पुडी कोठे ठेवावी?’ असे विचारावे. दोष पुडी घेणाऱ्या आईचा नव्हे; पुडी परत घेण्याची सोय नाही, ही खरी अडचण होय.

स्वाध्याय : (अ) पुडीचा कोपरा पूर्ण न तोडता अर्धवटच फाडावा, म्हणजे बारीक तुकडा हरवत नाही. हे घरी करून दाखवा. (आ) शिक्षकांसमवेत ओढ्याकाठी जाऊन पुड्या मोजा. काचा असल्यास हात लावू नका. (इ) ती संख्या लिहून, पाणवठ्यावर कचरापेटी ठेवण्याविषयी ग्रामपंचायतीस वर्गाच्या नावे पत्र लिहा.