पिशवीचा निर्णय

चि. सौ. मुक्ता,


रिपोर्ट वाचला. ताईचा आजार बघता बीआरसीए-१ जनुकातला दोष निघाला याचं नवल नाही. पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान ओव्हरी काढाव्यात, हा सल्ला बरोबर आहे. सोनोग्राफी आणि सीए-१२५ च्या रक्ततपासणीच्या भरवशावर ओव्हरीचा कॅन्सर वेळेत सापडत नाही, तेव्हा त्यावर घोळ घालू नकोस.

ओव्हरीबरोबर दोन्ही ट्यूबही जायला हव्यात. हा कॅन्सर पुष्कळदा ट्यूबच्या झालरीसारख्या टोकाशीच सुरू होतो. संमतीपत्रावर ट्यूब लिहिल्यात ना, बघ. ती टोकं लॅबने बारीक काप करून तपासायची असतात. डॉक्टरांना आठवण कर.

पण ‘ऑपरेशन होतंच आहे, तर गर्भपिशवीही काढून मोकळी हो’ हे सासूबाईंचं म्हणणं मला पटत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा आपण सगळे हळहळलो. मुलं झाली की पिशवी म्हणजे अडगळ, हा विचार शिकल्यासवरल्या घरांतही तोच.

लिंच सिंड्रोम हा दुसरा आनुवंशिक दोष असता तर मीच काढ म्हटलं असतं. त्यात पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचाच धोका मोठा. तुला ते नाही, फायब्रॉइड नाहीत, अंगावरून जास्त जात नाही. बीआरसीए-१ मध्ये अस्तराचा एक दुर्मीळ, वाईट कॅन्सर किंचित जास्त दिसतो, हे खरं. पण पिशवी काढायची म्हणजे मूत्राशयाला, मूत्रनलिकेला इजा होण्याची भीती वाढते आणि विश्रांतीही लांबते. बीआरसीए-१ असलेल्या अँजेलिना जोलीने २०१५ मध्ये ओव्हरी-ट्यूब काढून पिशवी ठेवली होती. पिशवीचा कॅन्सर तिच्या घराण्यात नव्हता.

काढण्याच्या बाजूने खरं वजन आहे ते हार्मोनच्या गोळ्यांचं. ओव्हरी गेल्या की पाळी एकदम जाणार. हाडं आणि हृदय सांभाळायला साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घ्यावं लागेल. पिशवी नसेल तर ते एकटं चालतं. असेल तर अस्तर वाढू नये म्हणून प्रोजेस्टेरॉन जोडावं लागतं, आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवते ती मुख्यतः ही जोडी. तू स्तन काढलेले नाहीत, त्यामुळे हे खोदून विचार. पिशवीत बसवायच्या, तिथेच हार्मोन सोडणाऱ्या मिरेनाचंही विचार.

आणि दुसऱ्या मुलाचं काय? समीरला नको, हे तूच सांगितलंस. स्वतःचं बोलली नाहीस. भ्रूण गोठवून ठेवले तर ओव्हरी नसतानाही पिशवीत गर्भ वाढवता येतो. पण ती तयारी ऑपरेशनच्या आधी करावी लागते. हवं असेल तर तारीख घेण्यापूर्वी मला फोन कर, समीरशी मी बोलते.

तुझी,
मावशी