वखार कोठे असावी?



अनेक गावांचा माल एका सामाईक वखारीत आणावयाचा ठरला की भागीदार बहुधा म्हणतात, "सर्वांना मध्ये पडेल अशी जागा पाहा." परंतु हा मध्य रस्त्याचा की मालाचा, हे जागेचा इसार देण्यापूर्वी क्वचितच कोणी विचारतो, आणि जागा चुकली तर तिचा भुर्दंड दर हंगामाच्या गाडीभाड्यात भरावा लागतो.

रस्ते झाडाच्या फांद्यांप्रमाणे असतील, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यास एकच वाट असेल, तर उत्तर सोपे आहे. टोकाचे गाव घ्यावे. त्याचा माल एकंदर मालाच्या निम्म्याहून कमी असल्यास ते गाव खोडून त्याची पोती पुढील गावाच्या खाती जमा करावीत. असे करता करता ज्याच्या खाती निम्मा अथवा अधिक माल जमेल, तेथे वखार बांधावी.

समजा, अ येथून १०० व ब येथून १५० पोती येतात, आणि दोन्ही वाटा क येथे मिळतात. क चा स्वतःचा माल ५० पोती. तेथून १० किलोमीटरवर ड, माल ८०. ड च्या पलीकडे दोन फाट्यांवर इ ६० व फ १२०. एकूण ५६०, निम्मे २८०. अ व ब यांचा माल क च्या खाती घालताच ३०० होतात. वखार क येथेच! ती ड कडे एक किलोमीटर सरकविली तर ३०० पोत्यांची वाट तितकी वाढते, २६० ची कमी होते. तोटा ४० पोत्यांचा.

या हिशेबात अंतर कोठेच लागले नाही. फ बारा किलोमीटरवर असो वा चाळीस, किंवा वाटेत घाट असून भाडे दुप्पट पडो, जागा बदलत नाही. फ च्या व्यापाऱ्यास हे अन्यायाचे वाटेल. माझ्या मते त्याची भरपाई भाड्याच्या वाटणीत करावी, वखार हलवून नव्हे. अग्निशामक बंबाची गोष्ट निराळी; तेथे सर्वांत दूरचे घर महत्त्वाचे, म्हणून सर्वांत लांब वाटेचा मध्य घ्यावा. वृक्षाकृतीला असे दोन मध्य असतात, हे फ्रेंच गणिती कामिय झोर्दां यांनी १८६९ मध्येच मांडले होते.

वरील रीत चीनमध्ये हुआ लो-केंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या मळणीची खळी कोठे असावीत यासाठी १९६० च्या सुमारास वापरली. अमेरिकेत गोल्डमन यांनी ती १९७१ मध्ये मांडली. मूळ प्रश्न आपल्याच धंद्यातला, याचे मला कौतुक वाटते.

मात्र नवा जोडरस्ता होऊन वाटांचे कडे बनले की ही रीत चालत नाही. तेव्हाही उत्तम जागा एखाद्या गावी वा नाक्यावरच सापडते, हे हकिमी यांनी १९६४ मध्ये सिद्ध केले. म्हणून प्रत्येक ठिकाणाचा हिशेब मांडून ताडून पाहावा लागतो.