विंचवाचे बिऱ्हाड आणि माणसाचे

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. माणसाचे तसे नसते. त्याच्या बिऱ्हाडात शेजार असतो, दूधवाला असतो, वाण्याकडचे खाते असते, आणि यांपैकी काहीच ट्रकमध्ये चढत नाही. काही वर्षांपूर्वी बदलीमुळे आम्ही इंदूर सोडून बेळगावला आलो. नऊशेहून अधिक किलोमीटरच्या प्रवासात फुटल्या त्या फक्त लोणच्याच्या दोन बरण्या. तरीही महिन्याभरात आईची झोप उडाली, मुलगी धड जेवेनाशी झाली आणि मी क्षुल्लक कारणावरून सर्वांवर खेकसू लागलो. सामान सुखरूप आले असता माणसे का विस्कटावीत?

याचे एक उत्तर मानसशास्त्रात सापडते. टॉमस होम्स व रिचर्ड राहे या अमेरिकन मनोवैद्यांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. घटनेनंतर नव्याने जुळवून घ्यायला जितके सायास, तितके गुण. जोडीदाराच्या मृत्यूला १००, विवाहाला ५०, आणि घर बदलण्याला अवघे २०!

परंतु खरी गोम बेरजेत आहे. घराबरोबर राहणीमान बदलले, त्याचे २५, मुलीची शाळा, २०, माझ्या कामाची जबाबदारी, २९, कामाच्या वेळा, २०, करमणूक, १९, लोकांतील ऊठबस, १८, झोप, १६, खाणे, १५, नातलगांच्या गाठीभेटी, १५. एकूण १९७. या पट्टीप्रमाणे १५० च्या पुढे आजारपणाचा संभव वाढतो, ३०० च्या पुढे तो बराच वाढतो. म्हणजे ताण घर बदलल्याचा थोडा आणि सगळेच एकदम बदलल्याचा फार.

अर्थात ही बेरीज म्हणजे काही भविष्य नव्हे. एकच घटना सर्वांना सारखी जड जात नाही. रिचर्ड लाझारस व सुसान फोकमन यांनी १९८४ च्या ग्रंथात मांडले की, समोरचा प्रसंग आणि आपले बळ यांचा माणूस जो अंदाज बांधतो, त्यावर ताण अवलंबून असतो. ताणाला तोंड देण्याचे मार्गही त्यांनी दोन सांगितले: अडचणीलाच हात घालणे आणि आपले मन सावरणे.

आमच्या घरी दोन्ही उपयोगी पडले. नव्या गावी सगळेच नव्याने करायचे, हा माझा हट्ट मी सोडला. रविवारचे पोहे आणि आईच्या पूजेची जुनी वेळ परत आली. मुलगी इंदूरच्या मैत्रिणीला पत्रे लिहू लागली. तिला रडू आले, तर ‘रडू नकोस’ म्हणणे आम्ही बंद केले. अडचणीला हात घातला तो शेजारच्या काकूंनी. त्यांनी आईला तीन कानडी शब्द शिकवले: एष्टु, बेकु, साकु, म्हणजे किती, हवे, पुरे. एवढ्या भांडवलावर आई एकटी भाजीबाजारात जाऊन आली. त्या रात्री ती शांत झोपली.

विद्यार्थी मित्रहो, वसतिगृहात राहायला येणे हेही स्थलांतरच. उद्या नोकरीसाठी तुम्हांला याहून दूर जावे लागेल. तेव्हा एका कागदावर काय काय बदलणार ते लिहा आणि शेजारी, त्यातले काय न बदलता चालेल तेही लिहा. बदली आपल्या हाती नसते. बेरीज मात्र थोडीफार असते.