पावसात ड्रोन

बीड जिल्हा एरवी कमी पावसाचा म्हणून ओळखला जातो. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. बीड जिल्ह्यातही नद्यांना पूर आले. उभी पिके पाण्याखाली गेली.

पिकांच्या नुकसानीची भरपाई मिळण्यासाठी आधी पंचनामा व्हावा लागतो. पण वाटेत चिखल आणि भरलेले ओढे असले, तर शेतापर्यंत पोहोचणार कसे? अशा वेळी ड्रोन उपयोगी पडतो. ड्रोन म्हणजे जमिनीवरून चालवता येणारे, माणूस न बसता उडणारे छोटे विमान. त्याला बसवलेला कॅमेरा वरून शेताचे छायाचित्र घेतो.

मुलांनो, ज्या पावसामुळे ड्रोनची गरज भासते, तोच पाऊस ड्रोनचा शत्रू आहे! मोटारी आणि बॅटरी थंड राहाव्यात म्हणून बऱ्याच ड्रोनना हवा आत जाण्यासाठी फटी ठेवलेल्या असतात. त्याच फटींतून पाणी आत शिरते. मग विजेच्या जोडण्या बिघडतात आणि ड्रोन खाली कोसळतो. भिंगावर एक थेंब पडला, तरी चित्र अस्पष्ट येते. काही ड्रोन पाणी सोसणारे असतात. त्यांच्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक लिहितात. पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दाखवतो. साध्या ड्रोनवर असे अंक सहसा नसतात. म्हणून पाऊस थांबण्याची वाट पाहणेच शहाणपणाचे.

पाऊस थांबला, तरी सावध राहावे लागते. पुराच्या पाण्यावरून ड्रोन फार खाली उडवू नये. खालची जमीन पाहून तोल सांभाळणारी त्याची यंत्रणा चमकणाऱ्या, हलणाऱ्या पाण्यावर फसते. ड्रोन भिजलाच, तर तो लगेच बंद करावा, बॅटरी काढावी, कोरड्या कापडाने पुसावा आणि पूर्ण वाळेपर्यंत सुरू करू नये.

ड्रोन उडवण्यासाठी ‘ड्रोन नियम, २०२१’ आहेत. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे सुमारे ४०० फूट उंचीपर्यंत ड्रोन उडवता येतो. तो सतत डोळ्यांसमोर असावा लागतो. वैमानिकाचा परवाना १८ वर्षांखालील व्यक्तीला मिळत नाही.

पूरग्रस्तांना वाचवण्यासाठी हेलिकॉप्टर येत असेल, तर आपला ड्रोन ताबडतोब खाली उतरवावा. छायाचित्र पुन्हा काढता येते. गेलेला जीव परत येत नाही.

शब्दार्थ
अतिवृष्टी – फार जास्त पाऊस
भिंग – कॅमेऱ्याची काच
पूरग्रस्त – पुरात सापडलेले लोक

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘आयपी’ पुढील दुसरा अंक काय दाखवतो?
(आ) ड्रोन भिजल्यावर प्रथम काय करावे?
२. कारण सांगा : पुराच्या पाण्यावरून ड्रोन फार खाली उडवू नये.
३. ‘हवा’, ‘जमीन’, ‘नुकसान’ हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी दोन शब्द पाठातून शोधा.