पिवळ्या शेंड्याने शिकवलेलं

१. आधी पान नीट बघा. मोसंबीच्या शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह कमी पडतंय. खालची जून पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नत्राची किंवा मॅग्नेशियमची कमतरता असते. जुन्या पानातलं लोह नव्या फुटीकडे सहसा सरकत नाही, म्हणून पहिला उपास शेंड्याला घडतो. तिथे युरिया ओतून काही होत नाही.

२. लोह जमिनीत नाही, असं समजू नका. आमच्या मराठवाड्यातली काळी माती ज्या बेसॉल्टपासून झाली, त्यातच ते भरपूर आहे. अडचण चुनखडीची. सामू ८ च्या वर गेला की लोह मातीत घट्ट बसतं आणि मुळांना मिळत नाही. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर आणखीच अवघड.

३. फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, चुनखडीच्या रानात नुसतं फेकलं तर थोड्याच दिवसांत निकामी होतं. मी ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून आळ्यात देतो. घेताना पोतं उघडून बघावं: खडे हिरवट हवेत, तांबूस-पिवळी भुकटी झालेला माल परत करावा. फवारणीसाठी १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम फेरस आणि २५ ग्रॅम चुना, कोवळ्या पानांवर, ऊन उतरल्यावर. नवी फूट आली की पुन्हा फवारावं लागतं. चिलेट घेणार असाल तर ईडीटीए फवारणीपुरतं ठीक; अशा जमिनीत ड्रिपमधून द्यायला ईडीडीएचएच लागतं. महाग आहे, पण टिकतं.

४. वाफसा सांभाळा. माझ्या बागेच्या सखल कडेला पावसाळ्यात पाणी साचायचं आणि तीच ओळ पिवळी पडायची. चर काढून पाणी बाहेर काढलं. पुढची फूट कुठल्याही औषधाशिवाय हिरवी आली. गुदमरलेलं मूळ समोरचं लोहही उचलत नाही.

५. खुंट विचारून कलम घ्या. रंगपूर लिंबाचा खुंट चुनखडी बऱ्यापैकी सोसतो.

६. सगळ्यात कळकळीचं सांगणं नव्याने बाग लावणाऱ्यांना. माती तपासायला द्याल तेव्हा मुक्त चुन्याचं प्रमाण आवर्जून मागा. वरच्या थरावर भागवू नका. खड्डा खणून खालचीही माती द्या, कारण चुनखडीचा थर बरेचदा खालीच असतो. चुना १० टक्क्यांच्या वर निघाला, तर त्या रानात मोसंबी लावू नका.